झिरकपूरचा वस्तरा

विनया, एक सांग. गिऱ्हाईक येतं, आपलं नाव सांगतं. तेव्हा विश्वास कुणावर ठेवायचा? त्याच्या नावावर, त्याच्या चेहऱ्यावर, की त्याच्या शेजारी गप्प उभ्या असलेल्या माणसावर? हसू नकोस. नंदकुमार, तो पडदा ओढ जरा आणि बस. जुन्या वस्तूंचा धंदा काढताय ना दोघं? मग ऐका.

विश्वनाथ माझ्या ओळखीतला. इथं इस्पितळाच्या लॅबमध्ये होता. तो वरच्या मजल्यावर राहायचा, त्याच लॅबमधला श्रीराम खालच्या. श्रीरामनं ट्रान्झिस्टर घेतला की याला टेपरेकॉर्डर हवा. श्रीरामनं नवा स्वेटर घातला की याची झोप उडाली.

एके संध्याकाळी श्रीराम म्हणाला, "वहिनी, आता ब्लेड बंद. जुना वस्तरा घेतोय."

विश्वनाथची बायको सुमन, मोठी थट्टेखोर. "वा भाऊजी! म्हणजे तुमचे गाल लोण्यासारखे होणार. आमच्याकडे बघा, काथ्याचं पायपुसणं!"

झालं. पायपुसणं त्याच्या काळजात रुतलं.

मी तेव्हा जुनी घड्याळं, कात्र्या, वजनकाटे विकायचो. श्रीरामला वस्तऱ्याचा पत्ता मीच दिला होता, तिकडे त्याचं नावही कळवून ठेवलं होतं. विश्वनाथनं तोच पत्ता माझ्याकडून गोड बोलून काढून घेतला आणि म्हणाला, "चल की यार, मला कुठं पारख आहे?"

अठ्ठ्याऐंशी साल, अकरा डिसेंबर, रविवार. स्कूटरवर निघालो. दोनदा पोलिसांनी थांबवलं, डिकी उघडायला लावली. अतिरेक्यांचे दिवस होते ते. झिरकपूरला आज फ्लॅटच फ्लॅट आहेत, तेव्हा गव्हाची शेतं होती. तिथं मुन्शीराम नावाचा म्हातारा न्हावी लेकीकडे राहायला आला होता. गावी धमकीची चिठ्ठी आली, दुकानाला कुलूप लावलं, हत्यारं तेवढी बरोबर आणली.

दारात त्याची बायको. मुन्शीराम जाऊन दहा दिवस झाले होते.

म्हातारीनं विचारलं, "आप श्रीरामजी हो?"

विश्वनाथनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "हाँ जी. मैं ही श्रीराम."

मी शेजारीच होतो. गप्प राहिलो.

तिनं डबी आणली. शिंगाची मूठ, जर्मन पोलाद. नवशिका मूठ बघतो, मी पातं बघितलं. एक दाता पडलेला नाही. "धार उन्होंने आपके लिए लगाई थी," ती डोळे पुसत म्हणाली. "कहते थे, नया बंदा है, पहली दाढ़ी मैं ख़ुद बनाऊँगा. ज़बान दी थी."

विश्वनाथनं मागितले तेवढे पैसे दिले. वस्तऱ्याला धार द्यायचा चामड्याचा पट्टा मात्र घ्यायला विसरला. नवशिके विसरतातच. परत येताना माझ्या पाठीमागे बसून शीळ घालत होता. उद्या श्रीरामचं तोंड कसं होतं ते बघायचं होतं त्याला.

पुढचं त्यानं मला सकाळी सांगितलं.

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी जाग आली. घड्याळ मीच विकलेलं, अंधारात चमकणाऱ्या काट्यांचं, मागं-पुढं व्हायचं नाही. वीज गेलेली. बाहेर धुकं. आणि खोलीत आवाज...

सप्... सप्... सप्...

चामड्यावर पातं घासतात तसा.

घरात पट्टा नव्हता.

सुमनला हाक मारावी... तोंड उघडेना. गालावर काहीतरी कोमट. साबणाचा फेस. मग हनुवटीखाली दोन बोटं. गार.

"श्रीरामजी... हिलना मत."

पातं फिरलं. हळू... कानापासून खाली. डावा गाल झाला. बोटांनी तोंड वळवलं. पातं उजव्या कानाशी टेकलं...

खाली श्रीराम खोकला.

पातं थांबलं.

कितीतरी वेळ... काहीच नाही.

मग अगदी कानाशी, "अच्छा..."

बोटं सुटली. जिन्यावर पावलं वाजली. खाली जाणारी.

सकाळी डबी बंद. वस्तरा कोरडा. विश्वनाथ तसाच जिना उतरला, वस्तरा श्रीरामच्या हातात ठेवला, आणि कालची लबाडी सांगून टाकली. श्रीराम म्हणाला, "बस, चहा घे." तोही हनुवटी चाचपत होता. त्याचे दोन्ही गाल गुळगुळीत होते की नव्हते, ते विश्वनाथनं वर मान करून पाहिलंच नाही.

वर आला तर सुमन दारात. तिनं त्याच्या डाव्या गालावर हात ठेवला. याच हातासाठी सगळा खटाटोप होता ना... तिनं तो चटका बसल्यासारखा काढून घेतला.

पस्तीस वर्षं झाली त्याला. मागच्या दिवाळीत भेटला. उजव्या गालावर पांढरे खुंट. डावा गाल... लोण्यासारखा. त्या रात्रीनंतर तिथं एक केस उगवलेला नाही.

तो मला कधी दोष देत नाही. पण म्हातारीनं नाव विचारलं, तेव्हा तिच्यासमोर आम्ही दोघं होतो.

म्हणून सांगतो, विनया, वहीत हिशेब खरा ठेव. ज्याच्या नावानं वस्तू ठेवली असेल, ती त्याच्याच हातात दे.