चवीच्या वहीतली सही

"थांबा! आधी चव, मग सही, मग पोरांची ताटं."

मी पळी आडवी धरली, तेव्हा समोर कोण उभं आहे हे मला ठाऊकही नव्हतं. कोऱ्हाळे बुद्रुकच्या आमच्या अंगणवाडीत आलेला पाहुणा आधी घास खातो, चवीच्या वहीत सही करतो, मगच आम्ही मुलांना वाढतो. त्यांनी खिचडी खाल्ली, सही केली — डॉ. ऋषिराज, जिल्ह्याच्या पोषण समितीचे बाहेरचे सल्लागार — आणि हळूच विचारलं, "अजून एक घास घेतला, तर अजून एक सही?"

"अक्षर बघून ठरवू," मी म्हणाले. अक्षर देखणं होतं... तिथंच घोळ झाला.

मग ते तीनदा आले. निमित्त मुलांच्या वजनाचं, पण नजर काट्यावर कमीच. एकदा आम्ही दोघं भिगवणला मासे खायला गेलो. धरणाच्या पाण्यावरच्या वाऱ्यानं माझी ओढणी उडाली, ती त्यांनी धरून दिली. मी जन्मात इतकी गप्प बसले नव्हते.

आणि जिल्ह्याहून पत्र आलं. गरम खिचडी बंद, तिच्या जागी कंपनीची तयार खिरीची पाकिटं. शिफारस डॉ. ऋषिराज यांची! सोबत आलेल्या खोक्यातलं माहितीपत्रक आमच्या खिचडी शिजवणाऱ्या कुशाबाईंनी माझ्यापुढं टाकलं. "श्रेयाताई, ह्यो आपला डाक्टरच हाय न्हवं?"

फोटोखाली छापलं होतं : कंपनीचे आहार सल्लागार.

माझं डोकंच फिरलं. एकच माणूस सरकारला सांगतो काय घ्या आणि कंपनीला सांगतो काय विका! ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, कबूल. पण ती आमच्या पोरांच्या ताटावर कशाला?

ते पुन्हा आले, तेव्हा मी पाकिटाची खीर कालवून पुढं ठेवली. शेजारी वही.

"श्रेया, कंपनीचं काम वेगळं, समितीचं वेगळं..."

"आधी चव."

त्यांनी चमचा तोंडात घातला आणि घास तसाच धरून बसले.

"पहिल्यांदाच खाताय ना? न चाखता सही केलीत! आणि मी... मी तुमच्यावर भाळले, याची लाज वाटते मला." डोळ्यांत पाणी आलं, ते रागानंच.

त्यांनी वही जवळ ओढून लिहिलं : 'या कंपनीकडून मी मानधन घेतो. समितीपासून हे लपवलं. माझी शिफारस रद्द समजावी.'

"आता तरी माझ्याशी नीट बोलशील?"

"वहीत लिहिणं सोपं हाय," मी म्हणाले. "सोमवारी इंदापूरला समितीची बैठक हाय, तितं सगळ्यांसमोर तोंडानं सांगा!"

सोमवारी त्यांनी सांगितलं. त्यांची दोन्ही पदं गेली, आमची खिचडी राहिली.

मंगळवारी दुपारी ते दारात उभे. गाडी नाही, गळ्यात ओळखपत्र नाही.

"आता मी कुणाचाच सल्लागार नाही. फक्त तुझा... काही होता आलं तर?"

राग अजून गेला नव्हता. मी त्यांना पोरांच्या पंगतीत शेवटी बसवलं. वाढताना मात्र हात आखडला नाही.

"ताई, तिसरी पळी हाय ही!" कुशाबाई हसल्या.

जेवून त्यांनी सवयीनं वहीकडे हात नेला. मी ती ओढून घेतली.

"राहू द्या. ही वही पाहुण्यांसाठी हाय."