टेपचं दुसरं टोक

भय ही माणसाची सर्वांत प्राचीन भावना. तिनेच त्याला गुहेत नेलं, तिनेच अग्नी पेटवायला लावला, तिनेच देव शोधायला लावले.

मला ती चौथ्या मजल्यावरच्या एका रिकाम्या फ्लॅटमध्ये भेटली. भर दुपारी साडेतीनला. मी गुडघे टेकून बसलो होतो आणि चष्मा सापडत नव्हता.

घडलं ते खरं आहे. बायको साक्षीला आहे, आणि ती उगीच माझ्या बाजूने बोलणाऱ्यांतली नाही.

झालं असं, की घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं. त्याला घर हवं झालं. आम्हाला महिनाअखेरची मुदत मिळाली.

बायकोने वही काढली. प्रत्येक फ्लॅटला एक पान. डावीकडे फायदे, उजवीकडे तोटे. आणि सगळ्यांच्या वर लाल शाईत एकच अट: कपाट मावलं पाहिजे.

हे कपाट माझ्या सासऱ्यांनी केलेलं. ते सुतार होते. आठ फूट तीन इंच लांब, एकसंध, सुटं न होणारं. स्वभावाने सासऱ्यांसारखंच.

"ते जिथे मावणार नाही, तिथे मीही मावणार नाही," बायकोने सांगून टाकलं.

मोजायची पद्धतही सासऱ्यांचीच. टेपची डबी माझ्याकडे, टोक तिच्याकडे. ओरडायचं नाही. दोन झटके म्हणजे 'धरलंय, वाच.' तीन झटके म्हणजे 'चुकलास, पुन्हा बघ.' त्यांनी ही भाषा लेकीला शिकवली, तिने मला. ते गेल्यावर ती आम्हा दोघांखेरीज कुणालाच येत नव्हती.

असं मी समजत होतो.

पहिल्या फ्लॅटमध्ये ऊन भरपूर, पण डोक्यावर नाचाचा क्लास. दुसरा तळमजल्यावर, पण मालक समोरच राहणारा. पाच मिनिटांत त्याने आमची पोटं साफ होतात का, इथपर्यंत चौकशी केली.

तिसरा चौथ्या मजल्यावर…

"शांतता बघा काका, शांतता!" एजंट म्हणाला.

खरंच शांत होतं. इतकं, की गिळलेला आवंढा स्वतःलाच ऐकू यावा.

हॉलमधून बेडरूमकडे एक बोळ होता. खिडकी नाही, वीज तोडलेली. कपाट लावायला तेवढीच एक भिंत. बायको बेडरूममध्ये शिरली. मी बोळाच्या तोंडाशी बसून पिशवीत चष्मा चाचपू लागलो. तो घरी टेबलावर होता, हे नंतर कळलं.

"टोक धर गं," म्हणत मी भिंतीलगत टेप सरकवली. बेडरूमचं दार अर्धवट लोटलेलं. टोक दाराआड गेलं.

दोन झटके.

"आठ फूट एक," मी वाचलं. "नाही मावत. चल."

तीन झटके.

"असा कसा चुकेन?"

मी मोबाइलचा टॉर्च लावला. तो एक नव्हता, सात होता. आठ फूट सात.

"अगं, मावतंय की! झालीस खूश? सोड आता."

सोडलं नाही.

"सोड ना!"

आणि तेवढ्यात… खालून, रस्त्यावरून, बायकोचा आवाज आला.

"अहो! किती वेळ? पार्किंग दाखवून दाखवून एजंट दमला!"

मी टेपकडे पाहिलं.

ताणलेलीच होती.

मग दाराआडून टोक बाहेर आलं. हळू. जमिनीवरून नाही… कमरेइतक्या उंचीवरून. टोक एकदम सोडलं तर पट्टी सपकन येऊन बोट कापते, म्हणून सुतार ते हातात धरून चालत आणतात. तसंच ते येत होतं. पावलागणिक थोडं… थोडं…

बोळात कुणी नव्हतं.

माझ्यापासून हातभर अंतरावर ते थांबलं.

मग टक् करून डबीत गेलं.

चार मजले मी कसे उतरलो, ते माझ्या गुडघ्यांना विचारा. इमारतीला लिफ्ट होती. तो फायदा ऐनवेळी आठवला नाही.

"तुम्ही पिशवीत डोकं घालून बसलात, तेव्हाच मी सांगून गेले होते," बायको म्हणाली. "तुम्ही 'हं' म्हणालात."

"मी लग्न झाल्यापासून 'हं' म्हणतोय!"

तिने सगळं ऐकून घेतलं.

"तीन झटके? नक्की?"

"नक्की. बाबा असतील का गं?"

"छे. चूक सापडल्यावर बाबांनी शिवी दिली असती." मग म्हणाली, "माप बरोबर निघालं ना?"

"निघालं."

"मग फायद्यांत लिहा."

"आणि तोट्यांत?"

ती चौथ्या मजल्याच्या खिडकीकडे बघत राहिली. "नळ गळतो," म्हणाली.

पण वही तिने माझ्याकडे दिली. स्वतः काही लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौथा फ्लॅट. लख्ख उजेड, चष्मा डोळ्यांवर. ती टोक धरून समोर, मला स्पष्ट दिसत होती. दोन झटके तिनेच दिले. मी वाचलं, "आठ फूट सात! मावतंय!" तिचा चेहरा खुलला. महिनाअखेरीला सहा दिवस होते.

तीन झटके.

"आता काय चुकलं?"

"मी कुठे काय केलं?"

ती जवळ आली. तिने स्वतः वाचलं.

आठ फूट एक.

ती तिथेच फरशीवर बसली. "आपण कुठे राहायचं, ते कुणीतरी ठरवतंय हो," एवढंच म्हणाली.

एजंट रोज फोन करतो. "काका, तिसरा तसाच आहे. जो बघतो तो नको म्हणतो. तुमचीच वाट बघतोय जणू!"

वहीत तिसऱ्याच्या पानावर नऊ फायदे आहेत, आणि तोटा एक गळका नळ. आजवर कुठलंही घर आम्हाला इतकं पसंत पडलेलं नाही. मला झोप लागत नाही ती त्यामुळेच.

टेप मी कपाटात कुलूपबंद केली आहे. काल जेवताना आतून पट्टी सरकल्याचा आवाज आला. मग थांबला.

मग… दोन झटके.

बायकोने वाढता हात मागे घेतला नाही. पण वाढलंही नाही.

चार दिवस उरलेत. तुमच्या पाहण्यात एखादा बरा फ्लॅट असेल तर जरूर कळवा. भिंत आठ फूट तीन इंचांहून मोठी हवी.

फक्त कृपा करून, मोजून माप तेवढं तुम्हीच पाठवा.