इंजिन येतानाच का अडतं?

"मामा, जहाज! मामा, ते इकडेच येतंय!" भिंग उभी राहून ओरडली.

"आधी खाली बस!" मामा खेकसले आणि त्यांनी इंजिनाची दोरी पुन्हा खसकन ओढली. इंजिन खोकलं, गुरगुरलं आणि गप्प झालं.

बोट खाडीच्या ऐन मधोमध, लाल बोयाजवळ, आडवी होऊन डुलत होती. बोया म्हणजे जहाजांना वाट दाखवणारं तरंगतं पिंप. त्याच्यापलीकडूनच एक भलंमोठं मालवाहू जहाज भोंगा वाजवत पुढे सरकत होतं.

"वल्ही!" मामा म्हणाले.

कप्तानाने वल्हं आधीच उचललं होतं. कप्तान हा मामांचा मुलगा. बोटीवर पाऊल ठेवलं की तो सगळ्यांना हुकूम सोडायचा, म्हणून हे नाव. आज मात्र त्याच्या तोंडून हुकूम फुटेना. बाप-लेक घामाघूम होऊन वल्हवू लागले. भिंगचा धाकटा भाऊ पोपट, ज्याचं तोंड एरवी मिनिटभरही बंद नसे, तो बाकाला घट्ट धरून बसला होता.

जहाज शेजारून गेलं. त्याच्या लाटेने बोट उचलली आणि आपटली. चौघेही नखशिखांत भिजले.

"गेलं!" पोपटाला कंठ फुटला. "एवढ्या जवळून गेलं की मला त्याच्या अंगावरचा गंज दिसला!"

भिंगचं लक्ष मात्र जहाजाकडे नव्हतं. ती आपला जाड भिंगांचा चष्मा पुसून बोटीच्या तळाशी बघत होती. टाकीतून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत एक रबरी फुगा होता. तो दाबला की पेट्रोल पुढे सरकतं, हे तिला पहिल्याच दिवशी मामांनी दाखवलं होतं. तेव्हा तो लिंबासारखा टणक, गोल होता. आता त्याच्या दोन्ही बाजू आत ओढल्या जाऊन एकमेकींना चिकटल्या होत्या.

"मामा, हा फुगा असा चपटा का झालाय?"

"भाचीबाई, फुग्याचं नंतर बघू!" मामांनी थोडा वेळ जाऊ दिला आणि दोरी ओढली. या वेळी इंजिन धडधडलं. रडतखडत, अर्ध्या जोरावर, बोट धक्क्याकडे निघाली.

सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट होती. मामी पलीकडच्या बेटावर होती. ती नर्स होती आणि बेटावरच्या लोकांना तपासायला गेली होती; सकाळी तिला तिथे सोडूनच ते परत येत होते. तिचं बाळ अंगावर पिणारं, म्हणून तेही तिच्याबरोबर होतं. संध्याकाळी वारा वाढणार, असं बंदरावरच्या फळ्यावर खडूने लिहिलं होतं. त्याच्या आत या दोघांना याच बोटीने परत आणायचं होतं. बेटावर जाणारी दुसरी बोट नव्हती.

धक्क्यावर बोटींची इंजिनं दुरुस्त करणारे मेस्त्री वाटच बघत होते.

"पुन्हा?" त्यांनी हात कमरेवर ठेवले. "रंग देऊन बोट पाण्यात उतरवली, तेव्हापासून रोज तुझं हेच!"

"रोज लाल बोयाजवळच," मामा म्हणाले. "लोक म्हणतात, तो बोयाच अडवतो."

"बोया काय जकात गोळा करतो की काय? हटा!" मेस्त्री बोटीत उतरले. त्यांची एक ठरलेली पद्धत होती. कुठल्याही बोटीत पाय ठेवला की आधी टाकीचं झाकण फिरवून काढायचं, एक डोळा मिटून आत बघायचं आणि म्हणायचं, "बघू, पोटात काही आहे का!"

आजही त्यांनी तेच केलं. बघितलं, वास घेतला, झाकण लावलं आणि दोरी ओढली. इंजिन एका दमात सुरू झालं!

"बघा!" मेस्त्रींनी बंदराच्या तोंडापर्यंत एक लांबलचक चक्कर मारली. इंजिन कुठे अडखळलं म्हणून नाही. "काही झालेलं नाही. तुलाच चालवता येत नाही!"

"पण मेस्त्रीकाका, तो फुगा चपटा झाला होता," भिंग म्हणाली.

मेस्त्रींनी फुगा बोटांनी दाबला. तो गोल होता, टणक होता. "चष्म्याचा नंबर तपासून घे गं, पोरी!"

पोपट फिस्सकन हसला. भिंगने त्याला असा चिमटा काढला की हसू तिथेच विरलं.

दुपार कलली तशी पाण्यावर पांढरे तुरे दिसू लागले. मामांनी कॅनमधून टाकी भरली आणि झाकण घट्ट पिळलं.

"बाबा, मी येतो," कप्तान म्हणाला.

"नाही. आता पोरांपैकी कुणी बोटीत पाय ठेवायचा नाही."

"पण आईला आणि बाळाला आणायचं तर..."

"म्हणूनच!" मामा एवढंच बोलले. बोट निघाली आणि लांब जात जात ठिपक्याएवढी झाली. लाल बोया तिने आरामात ओलांडला.

"बघ, कुठे अडलं?" पोपट म्हणाला. "उगाच घाबरता!"

"जाताना कधी अडतच नाही," कप्तान म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "येतानाच अडतं. आणि येताना आई असणार."

भिंगने मान वर केली. "जाताना कधीच नाही? एकदाही नाही?"

"नाही."

"मग बोयाचा काय संबंध? बोया जातानाही तिथेच असतो! जाण्याआधी मामा असं काय करतात, जे येण्याआधी करत नाहीत?"

तिघे धक्क्याच्या पायरीवर बसले आणि डोकं खाजवू लागले.

"पोपटा, तुला सगळे आवाज काढता येतात ना?" भिंगने विचारलं. "सकाळपासूनचे काढ. एकही गाळायचा नाही!"

पोपटाला एवढंच हवं होतं. त्याने इंजिनाची खोकल्याची उबळ काढली, जहाजाचा भोंगा काढला, मामांचं खेकसणं काढलं. मग कमरेवर हात ठेवून तो मेस्त्रींच्या घोगऱ्या आवाजात म्हणाला, "बोया काय जकात गोळा करतो की काय? हटा! फुस्स! बघू, पोटात काही आहे का!"

"थांब! ते फुस्स कुठलं?"

"झाकणाचं. मेस्त्रींनी फिरवलं तेव्हा झालं ना. लांब, मोठं. फुस्सऽऽ!"

भिंग ताडकन उठली. "पाण्याची बाटली दे!" तिने बाटली ओठांना घट्ट लावली आणि तोंड न काढता पाणी ओढत राहिली. बाटलीच्या बाजू कडकड करत आत गेल्या. पाणी यायचं बंद झालं. तिने तोंड बाजूला केलं, तशी हवा आत शिरली आणि बाटली फुगून पहिल्यासारखी झाली.

"टाकीचा श्वास कोंडतोय!" ती ओरडली. "इंजिन पेट्रोल ओढतं, पण त्याच्या जागी आत हवाच जात नाही! म्हणून फुगा चपटा होतो! जाण्याआधी मामा पेट्रोल भरायला झाकण उघडतात, की हवा जाते. मेस्त्रीही आधी झाकणच उघडतात, म्हणून त्यांच्यासमोर इंजिन शहाण्यासारखं चालतं!"

"पण टाकीला हवेसाठी भोक असतं," कप्तान म्हणाला. "बोटीच्या कुशीला, बाहेरून. एवढंसं, बटणाएवढं. बाबांनी दाखवलं होतं."

"ते बुजलं असेल तर?"

तिघांच्याही नजरा एकदमच वळल्या. शेजारच्या उतारावर रंगारीकाका एका दुसऱ्या बोटीला रंग द्यायच्या तयारीत होते. रंग लावण्याआधी ते बोटीवरचं प्रत्येक भोक कागदी चिकटपट्टीने नीट बंद करत होते.

"काका!" कप्तान धावत गेला. "आमच्या बोटीच्या पट्ट्या काढल्या होत्या ना? सगळ्या?"

"काढल्या की!" रंगारीकाकांचा ब्रश हवेतच थांबला. "म्हणजे... दिसल्या तेवढ्या काढल्या. एखादीवरून ब्रश फिरला असेल, तर ती कशी दिसणार?"

पुढचं ऐकायला कुणी थांबलंच नाही. दूर बेटाकडून बोट परत निघाली होती!

"फोन!" भिंग म्हणाली. तिघे मेस्त्रींच्या टपरीत शिरले. मेस्त्री टेबलाशी बसून स्पार्क प्लग घासत होते.

"काका, फोन द्या! मामांना आत्ताच्या आत्ता सांगायचंय, झाकण उघडा म्हणून!"

"काय खेळ चाललाय? मी स्वतः तपासलंय ते इंजिन!"

"तुम्ही तपासता म्हणूनच ते बिघडत नाही!" पोपट किंचाळला.

या वाक्याचा अर्थ लावायला मेस्त्रींना जेवढा वेळ लागला, तेवढ्यात कप्तानाने टेबलावरचा फोन उचलला आणि तो दगडी बांधाच्या टोकाकडे पळत सुटला. मागून भिंग, तिच्यामागे पोपट आणि सगळ्यात शेवटी, "अरे चोरा!" म्हणत मेस्त्री.

मामांचा फोन वाजत राहिला. इंजिनाच्या आवाजात त्यांना तो ऐकू जाणं शक्यच नव्हतं. बोट लाल बोयाच्या जवळ आली. तिचा आवाज खोकल्यासारखा झाला आणि मग एकदम थांबला. नुसता वारा ऐकू येऊ लागला. बंदराच्या तोंडातून एक जहाज बाहेर पडत होतं.

"मामीला लाव!" भिंग म्हणाली.

एक रिंग. दोन. मग बाळाचं रडणं आणि मामीचा आवाज: "मेस्त्री, इंजिन बंद पडलंय! आत्ता बोलता येत नाही, ठेवते!"

"आई, मी बोलतोय! ठेवू नकोस!" कप्तानाचा आवाज चिरकला. "पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडायला सांग!"

"अरे, पेट्रोल भरपूर आहे. तुझे बाबा दोरी ओढून ओढून..."

"आई, तुला कारण नंतर सांगतो. आधी झाकण!"

मामी सहसा कारण विचारल्याशिवाय कुठलीच गोष्ट करत नसे. आज मात्र ती लगेच ओरडली, "अहो, झाकण उघडा! मी सांगते म्हणून उघडा!"

जहाजाने भोंगा दिला.

"अगं बाई! केवढं फुस्स झालं!"

"आता रबरी फुगा दाबा! गोल झाला का?" भिंगने कप्तानाच्या हातातल्या फोनजवळ तोंड नेलं.

"होतोय... झाला! घट्ट झाला!"

इतक्यात मेस्त्री धापा टाकत पोचले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी फोन ओढून घेतला आणि जिवाच्या आकांताने ओरडले, "झाकण काढून ठेवू नका! लाटेचं पाणी आत जाईल! सैल लावा आणि मग दोरी ओढा!"

वाऱ्यावरून धडधड ऐकू आली. खोकला नाही, गुरगुर नाही! बोटीचं तोंड वळलं, मागे पांढरा फेस उसळला आणि ती जहाजाच्या वाटेतून बाहेर पडली.

"चालू झालं!" पोपट एवढ्या जोरात ओरडला की दुसऱ्या दिवसापर्यंत त्याचा आवाज बसला, आणि घरात सगळ्यांना तेवढाच आराम मिळाला.

बोट धक्क्याला लागली, तेव्हा कप्तानाने सगळ्यात आधी बाळाला घेतलं. बाळ रडून रडून लालबुंद झालं होतं, पण कप्तानाचा हात गालाला लागताच गप्प झालं. मग कप्तान बोटीच्या बाहेरच्या बाजूला वाकला आणि बोटांनी चाचपू लागला. निळ्या रंगाखाली एक बारीकसा उंचवटा लागला. भिंगने नखाने खरवडलं. निळ्या रंगाचा तुकडा चिकटपट्टीसकट निघाला आणि आतलं भोक उघडं पडलं.

रंगारीकाका मान खाली घालून उभे होते. "प्रत्येक भोक बुजवणं माझं काम. उघडणंही माझंच होतं. चुकलं."

मेस्त्रींनी वाकून, एक डोळा मिटून त्या भोकात बघितलं. "म्हणजे मीच रोज याला बरं करत होतो, आणि मीच सांगत होतो की काही झालेलं नाही!" त्यांनी भिंगसमोर हात जोडले. "पोरी, नंबर माझा वाढलाय. माझ्या डोळ्यासमोर झाकण होतं, आणि तुला त्याच्यामागची हवा दिसली."

"आणि मी बोयाला दोष देत बसलो!" मामा म्हणाले. त्यांनी तिघांनाही एकदम मिठीत घेतलं. "आज तुम्ही नसतात, तर..."

मामी सगळं शांतपणे बघत होती. "छान केलंत," ती म्हणाली. "खूपच छान. आता मला सांगा, एवढ्या वाऱ्यात त्या बांधाच्या टोकावर कुणाला विचारून गेलात?"

मेस्त्री हळूच दोन पावलं मागे सरकले.

"तुम्हीसुद्धा, मेस्त्री!"

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा पडला होता. बेटावर राहिलेले पेशंट मामीची वाट बघत होते. मामा बोट सोडायच्या तयारीत उभे होते, पण सगळे मामीकडे बघत होते. ती बाळाला छातीशी धरून धक्क्याच्या कडेला थांबली होती. तिने पाण्याकडे बघितलं, बोटीच्या कुशीकडे बघितलं. मग वाकून त्या भोकावर बोट ठेवून पाहिलं.

"चार लाइफ जॅकेटं काढा," ती मामांना म्हणाली.

"चार कशाला? बाळाचं लहान आणि तुझं, झाली दोन."

"माझं माझ्या अंगावर आहे. एक बाळाचं." तिने मुलांकडे मान वळवली. "आणि या तिघांची. ते नसतील, तर मी बोटीत बसणार नाही."