वीस पावलांवरचे पाणकावळे

भुतं फक्त रात्री बारालाच येतात, असं ज्यांचं ठाम मत आहे त्यांनी पुढे वाचू नये.

ही घटना सकाळी पावणेअकराला घडली. रविवारी. लख्ख उन्हात.

आणि ती खरी आहे. ज्यांच्यावर बेतली ते माझ्या सख्ख्या बहिणीचे यजमान. आमचे भावोजी. एरवी हा माणूस इतका थापाड्या, की त्यांच्या शंभर गोष्टींतल्या नव्याण्णव मी या कानाने ऐकून त्या कानाने सोडतो. ही एक सोडता आली नाही. कारण हिचा पुढचा भाग मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय.

भावोजींचं कानाच्या मशीनचं दुकान आहे. समोर रस्ता, रस्त्यापलीकडे तळं. तळ्याच्या कडेने फरशीची वाट आणि वाटेवर चार बाकं. दुकानाच्या काचेतून सगळं दिसतं.

धंदा बहिऱ्यांचा, आणि भावोजींना बहिऱ्यांचाच मनापासून तिटकारा.

रोज घरी येऊन गिऱ्हाइकांची टिंगल करत बसायचे. कोणता म्हातारा सेल उलटा घालून आला, कोणत्या म्हातारीने मशीन धुऊन वाळत टाकलं. "मेंदूच वाळलेत यांचे, कान काय दुरुस्त करायचे," असं म्हणून स्वतःच खो खो हसायचे.

मशीन बसवल्यावर ते तपासायची त्यांची एक खास पद्धत होती.

गिऱ्हाइकाला तळ्यावर न्यायचं. पाण्याकडे तोंड करून बाकावर बसवायचं. "बसा हं आजी, मी आलोच," म्हणायचं. मग मोजून वीस पावलं मागे जायचं, आणि रोजच्या आवाजात एकच वाक्य बोलायचं.

"काय गं म्हातारे, कधी टपकणार?"

म्हातारा असला तर म्हाताऱ्या. बाकी वाक्य तेच.

माणसाने गर्रकन मागे पाहिलं की मशीन उत्तम! हे लगेच हात जोडून गोड हसायचे. बिचाऱ्याला वाटायचं, आपल्याच कानांची चूक झाली.

"चांगलं बोललेलं कुणी ऐकत नाही," भावोजी आम्हाला समजावायचे. "वाईट बोललेलं कुठूनही पोचतं. शास्त्र आहे हे."

शास्त्र कसलं, उचलली जीभ लावली टाळ्याला. पण आम्ही हसायचो. मीही हसलोय, उगाच खोटं कशाला बोलू...

त्यांच्या गिऱ्हाइकांत एक शिवणबाई होत्या. शाळेत मुलींना शिवण शिकवायच्या, आता निवृत्त. भावोजींनी त्यांना बाकावर बसवलं, वीस पावलं मागे गेले आणि वाक्य टाकलं.

बाई वळल्या नाहीत.

पुन्हा टाकलं. नाहीत.

तिसऱ्यांदा जरा आवाज चढवून. तरी नाहीत.

भावोजी वैतागून पुढे गेले. "ऐकू येतंय की नाही, बाई?"

बाई पाण्याकडेच बघत होत्या.

"आलं," त्या म्हणाल्या. "तिन्ही वेळा आलं."

त्यांनी मशीन काढलं, डबीत ठेवलं आणि डबी पिशवीत टाकली. ते मशीन त्यांनी पुन्हा कानाला लावलं नाही.

पण तळ्यावर रोज सकाळी यायच्या. त्याच बाकावर. मोकळ्या कानांनी.

त्याच वर्षी तळ्यावर पाणकावळे आले. काळेभोर, लांब मानेचे, चोचीला पुढे आकडा. पाण्यात बुडी मारतात आणि मग पंख पसरून वाळवत उभे राहतात. तळ्याच्या मधोमध एक वठलेलं झाड आहे, त्यावर त्यांची वस्ती. त्यातले दोन-तीन उडून थेट बाईंच्या बाकाशेजारी येऊन उभे राहायचे. बाई त्यांना काही खायला घालत नसत. नुसत्या बसायच्या.

"बहिरीला सोबत मिळाली," भावोजी काचेआडून बघून म्हणायचे.

वर्षभराने बाई गेल्या. त्यांची लेक दुकानात डबी घेऊन आली.

"आईने सांगितलं होतं, हे तुम्हालाच परत द्यायचं," ती म्हणाली. "तुमच्या घरी लागेल म्हणाली."

भावोजींनी डबी खणात टाकली आणि विसरून गेले.

आता भावोजींच्या आईबद्दल. मी त्यांना मावशी म्हणतो. नवरा लवकर गेला, हा एकुलता एक मुलगा, त्याला एकटीने वाढवलं. म्हातारपणी त्यांना एकच हौस राहिली होती. मुलगा घरी आला की त्याच्याशी चार शब्द बोलायचं. काय जेवलास, कोण आलं होतं, उद्या लवकर जायचंय का. बस, एवढंच.

आणि कान गेले. हळूहळू, दोन वर्षांत.

भावोजी हातवाऱ्यांवर आले. पुढे पुढे हातवारेही करेनात.

माझी ताई मागे लागली. "जगाच्या आयांना मशीनं लावता. स्वतःच्या आईला लावायला हात मोडले का?"

"नवं कशाला? अजून किती दिवस वापरणार आहे ती?" भावोजी म्हणाले.

...आणि त्यांना खणातली डबी आठवली.

मावशींच्या कानाचं माप घेतलं, बाईंच्या मशीनला त्या मापाचा नवा साचा बसवला. रविवारी सकाळी मशीन लावलं. मावशींचा चेहरा असा उजळला, की ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. नळ ऐकू आला. शेजारचं दार ऐकू आलं. ताईने "सासूबाई" म्हटलेलं ऐकू आलं.

"तू बोल ना रे," मावशी मुलाला म्हणाल्या.

"इथे नको. तळ्यावर चल. नीट तपासतो."

दोघं तळ्यावर गेले. पावणेअकरा झाले होते. वाटेवर धावणारे होते, सायकलवाले होते, रस्त्यावर बस थांबली होती. सगळं नेहमीसारखं.

मावशी बाकावर बसल्या. पाण्याकडे तोंड करून.

भावोजी मागे निघाले. एक, दोन, तीन...

विसाव्या पावलावर वळले. आणि तोंडातून बाहेर पडलं ते नेहमीचंच वाक्य.

"काय गं म्हातारे, कधी टपकणार?"

सवय हो. जित्याची खोड. समोर कोण बसलंय याचा विचार करायला डोकं लागतं.

बोलल्यावर त्यांचं त्यांनाच जाणवलं. जीभ चावली. आई वळेल म्हणून हसायच्या तयारीत उभे राहिले.

आई वळली नाही.

पण तळ्यातल्या झाडावरचे पाणकावळे वळले.

सगळे. एकदम. माना भावोजींकडे.

मग एक उडाला... पाण्यावरून आला आणि मावशींच्या बाकाशेजारी उतरला. मागोमाग दुसरा. मग दहा. मग मोजता येईनात. बाकाभोवतीची फरशी काळी झाली. सगळ्यांनी पंख पसरले आणि तसेच उभे राहिले.

भावोजींना आधी कळेना, नक्की काय चुकतंय.

मग कळलं.

आवाज नव्हता.

एवढे पक्षी उतरले, पण पंखांचा आवाज नाही. पाण्याचा नाही. रस्त्यावर बस सुरू झालेली दिसत होती, तिचाही नाही. एक सायकलवाला शेजारून गेला, त्याचे ओठ हलले... शब्द नाहीत.

"आई!" भावोजी ओरडले.

त्यांचा स्वतःचा आवाजही त्यांना आला नाही.

सगळं जग मुकं झालं होतं. आणि त्या शांततेत फक्त एकच आवाज येत होता. मावशींचा. अगदी स्पष्ट.

"हो हो, येतंय ना ऐकू," मावशी म्हणत होत्या. "बोला तुम्ही."

बाकावर त्यांच्या शेजारी एक पाणकावळा उभा होता. इतरांपेक्षा मोठा. मान वाकवून, चोच मावशींच्या कानाजवळ नेऊन...

"अगंबाई," मावशी म्हणाल्या. मग बराच वेळ नुसत्या ऐकत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "तिन्ही वेळा?"

दुसऱ्यांच्या बावळटपणावर दिवसभर जीभ चालवणारा माणूस, त्याची बोबडी वळली. वीस पावलं काही संपेनात. शेवटी धावत पुढे गेले, तसे सगळे पक्षी एकदम उठले. डोक्यावरून गेले. चेहऱ्यावर वारा लागला, अंगावर थेंब उडाले. तरी आवाज नाही.

मग अचानक बसचा हॉर्न. सायकलची घंटी. कुणाचं तरी हसणं. सगळं परत आलं.

"आई, कोण होतं? कोण बोलत होतं तुझ्याशी?"

मावशींनी वर पाहिलं. मुलाच्या ओठांकडे. चेहरा शांत होता.

"काय म्हणतोस?" त्या म्हणाल्या. "मोठ्याने बोल जरा."

भावोजी ओरडून बोलले. वाटेवरची माणसं थांबून बघायला लागली.

"सोंगं कसली करतोस रे," मावशी म्हणाल्या. "नुसतं तोंड काय हलवतोस?"

त्या दिवसापासून मावशींना मुलाचा आवाज येत नाही.

फक्त त्याचा.

ताईचा येतो. दूधवाल्याचा येतो. खालच्या मजल्यावर रेडिओ लागला तर कोणतं गाणं आहे ते सांगतात. भावोजींनी मशीन बदललं. दुसऱ्या दुकानात जाऊन तपासून घेतलं. सगळं ठीक.

तुम्ही म्हणाल, ढोंग करत असतील. म्हातारीने ते वाक्य ऐकलं आणि राग धरला.

मलाही तेच वाटलं होतं. म्हणून मी चार दिवस राहायला गेलो. आमचे भावोजी म्हणजे काही संत नव्हेत, घडलीच अद्दल तर घडू दे, असाच विचार होता माझा.

दुसऱ्या दिवशी भावोजींच्या हातावर उकळतं पाणी सांडलं. स्वयंपाकघरात असे किंचाळले, की जिन्यावरचे लोक दाराशी आले. मावशी शेजारच्या खोलीत मटार सोलत होत्या. मी समोरच बसलो होतो. त्यांची पापणी हलली नाही. बोटं थांबली नाहीत.

ताई आत येऊन दबक्या आवाजात म्हणाली, "सासूबाई, यांचा हात भाजला."

तर मटाराचं ताट फेकून मावशी धावल्या. मुलाचा हात पाण्याखाली धरून ढसाढसा रडल्या. "ओरडायचं नाही का रे? हाक नाही मारायची?"

ढोंग असं असतं का हो?

निघायच्या दिवशी मावशी मला दारापर्यंत सोडायला आल्या. मला बाजूला घेतलं. भावोजी त्यांच्या अगदी पाठीशी उभे होते. हात बांधलेला, दाढी वाढलेली. "आई... आई... आई गं..." अखंड चाललं होतं. दिवसभर तेच चालतं.

"बाळा, एक काम कर माझं," मावशी हळूच म्हणाल्या. "त्याला एकदा विचार, माझं काय चुकलं. किती दिवस झाले, माझ्याशी एक शब्द बोलत नाही तो."

मी खाली उतरलो.

एरवी ही गोष्ट मी हसत हसत सांगितली असती. भावोजींची खिल्ली उडवायची एवढी चांगली संधी पुन्हा कुठली येणार! लिहितानाही तोंडात तेच येत होतं, तुम्ही वाचलंतच.

पण गेल्या आठवड्यात पुन्हा तिकडे गेलो. मावशी खिडकीत बसल्या होत्या, पाठमोऱ्या, खालच्या रेडिओवरचं गाणं गुणगुणत. मी दारातून हाक मारली.

त्या तिसऱ्या हाकेला वळल्या.