पिंजणाची तात

हे खरं आहे. खोटं सांगून मला काय मिळणार? जे गेलं ते आमच्याच घरातलं गेलं.

१९ मे २०२३. अकोला, जठारपेठ. दुपारचे दोन.

माझी दामिनीताई व्हायोलिन वाजवते. युरोपातलं तीन-चारशे वर्षांपूर्वीचं संगीत, तेही त्या काळच्या पद्धतीनं. म्हणजे स्टीलच्या तारा चालत नाहीत, आतड्याच्याच लागतात. बारा वर्षं घासल्यावर हॉलंडच्या एका वाद्यवृंदानं तिचं रेकॉर्डिंग मागवलं होतं. त्याच संध्याकाळपर्यंत.

आणि सकाळीच खर्जाची तार तुटली.

अशी तार अख्ख्या अकोल्यात मिळत नाही. ताई रडकुंडीला आली.

मला आठवलं, कापूस पिंजायच्या धनुष्यालाही, म्हणजे पिंजणालाही, आतड्याचीच तात असते. मागच्या गल्लीतले गादीवाले पंजाबराव चारच दिवसांपूर्वी खोकून खोकून गेले होते. मी त्यांच्या घरी गेलो. पिंजण भिंतीला टांगलेलं होतं.

त्यांची बायको तानुबाई म्हणाली, "नको नेऊ बापा. तेरवीले मोर्णा नदीत सोडाची हाये ते. तोवर कोनी छेडाची नाही, असं त्याईनंच सांगतलं होतं."

"बरं मावशी."

ती पाणी आणायला आत गेली...

मी तात कापून खिशात घातली.

ताईला सांगितलं, अमरावतीहून आली. तिनं ती चढवली. असा आवाज लागला की तिचे डोळे भरून आले. रेकॉर्डिंग एका दमात झालं. पाठवलंसुद्धा.

मग ती व्हायोलिन खाली ठेवायला गेली...

गज थांबेना.

धुन्न... धुन्न... धुन्न...

सूर नव्हतेच. पंजाबरावांच्या दुकानातून दुपारभर यायचा, तोच आवाज.

"ताई, थांब ना!"

"मी नाई करून राहिली रे! माहा हात धर!"

धरला. आवरेना. शेवटी मी तार कापली.

आवाज थांबला...

हात थांबला नाही.

तिला खोकल्याची उबळ आली. ओठांवर कापसाचं तूस होतं.

मी तुकडे घेऊन तानुबाईकडे धावलो. पाया पडलो. तिनं ते हातातही घेतले नाहीत.

"आता त्याईले हात भेटला बापा. ते कायले सोडतीन?"

आठ दिवसांनी निवडीचं पत्र आलं. ताईनं ते डाव्या हातात धरून वाचलं. उजवा चालूच होता. झोपेतही चालतो.

डॉक्टर झाले, दर्गा झाला. फरक नाही.

घरी कोणी आलं की ताई कौतुकानं सांगते, "भावानं धावत जाऊन तार आनली, म्हनून माही निवड तरी झाली."

मी मान खाली घालून ऐकतो.