गुंडाळणीची चाळीस मिनिटं

हे खरं घडलंय.

मी हे रचून सांगते आहे असं ज्याला वाटतं, त्याने ऑगस्टमध्ये आमच्या फुएनकाल्दा गावात यावं. दुपारी साडेतीनला. आणि रस्त्यात एकट्याने उभं राहून दाखवावं.

रात्री नाही. रात्री इथे काहीच होत नाही. रात्री बायका खुर्च्या दाराबाहेर टाकून गप्पा मारतात.

दुपारी.

तारीख ३ ऑगस्ट २०१९, शनिवार. जेवणं झालेली. गाव झोपलेलं. पडदे ओढलेले. कड्यावरची गिधाडंसुद्धा सावलीला. नदीकाठच्या, गरम झऱ्यावरच्या जुन्या स्नानगृहात, तळमजल्यावर, सहा नंबरच्या खोलीत दोनच माणसं जागी होती.

एक ओनोरिना. माझ्या भिंतीपलीकडे राहते. तेव्हा वय चौसष्ट. स्नानगृह बंद पडेपर्यंत एकतीस वर्षं तिथे न्हाणीवाली होती. गरम पाण्यात माणसं उतरवायची, वर काढायची, गुंडाळायची.

दुसरा लेआंद्रो उरियेस. ज्याने स्नानगृहाचं हॉटेल केलं तो. त्याचे आजोबा, डॉन फेर्मिन, पूर्वी तिथले मॅनेजर.

आता तो फलक.

हॉटेलच्या दालनात जुने फोटो आणि फलक लावलेत. नऊ नंबरचा असा होता :

*विसराळू लेओकादिया. १९६३ साली या न्हाणीवालीने एका आजारी बाईला गरम चादरींत गुंडाळलं आणि ती जेवायला निघून गेली. बाई दगावली. आजही दुपारच्या वेळी लेओकादिया या दालनात हिंडते, असं म्हणतात.*

म्हणतात.

कोण म्हणतं? गावात कुणी कधी म्हटलं नव्हतं. लेआंद्रोने म्हटलं, छापलं, वर दिवा लावला. हॉटेलात एक हिरवी दारू मिळायची, तिचंही नाव लेओकादिया. पाहुणे पत्ता विचारत ओनोरिनाच्या दाराशी यायचे. हसत विचारायचे, भुताची मुलगी तुम्हीच का?

लेओकादिया ओनोरिनाची आई.

ती मरेपर्यंत एकच वाक्य बोलत राहिली. "मला हाताला धरून नेलं." वरच्या मजल्यावर कुठल्याशा जनरलच्या बायकोला चक्कर आली होती. डॉन फेर्मिन स्वतः खाली आले, लेओकादियाला स्टुलावरून उठवलं, इथे दुसरीला पाठवतो म्हणाले. कुणालाच पाठवलं नाही. दोन तास. मग चूक तिचीच, असा एक कागद लिहिला. लेओकादियाला वाचता येत नव्हतं. अंगठा लावून घेतला आणि घरी पाठवलं.

त्यानंतर नदीवर धुणं धुताना बायका तिला विचारायच्या, "लेओकादिया, पोरगी कुठे ठेवलीस? आठवतंय ना?"

ती पोरगी तिथेच दगडावर बसलेली असायची. आठ वर्षांची. सगळं ऐकत.

२०१९च्या जुलैत लेआंद्रो ओनोरिनाच्या घरी आला. माहितीपत्रकासाठी जुन्या गुंडाळणीचे फोटो हवे होते. ते कसब आता फक्त तिच्याकडे होतं. ती म्हणाली, आधी फलक काढा. तो म्हणाला, आधी फोटो, फलक त्याच संध्याकाळी. शब्द देतो.

एवढ्यासाठी ती गेली. आईचं नाव त्या भिंतीवरून खाली यावं म्हणून. बाकी कशासाठी नाही.

मिनिट ०

वीस मिनिटं कढत पाण्यात बसून लेआंद्रो बाहेर आला. बीटासारखा लाल. तिने त्याला पलंगावर आडवा केला. गरम तागाची चादर. हात अंगालगत. डावी बाजू उजवीवर. मग एक घोंगडी. मग दुसरी. पावलांखाली घडी. डोक्याला पंचा. फक्त चेहरा मोकळा.

एकदा असा गुंडाळला की माणसाला स्वतःहून सुटता येत नाही. म्हणून न्हाणीवाली शेजारी स्टुलावर बसते. घाम टिपते, पाणी पाजते, चाळीस मिनिटांनी पायाकडून उघडते.

स्टूल सोडायचं नसतं. एवढा एकच नियम.

फोटो काढणारी बाई फोटो काढून वर झोपायला गेली.

ओनोरिना सवयीने म्हणाली, "मी उघडेपर्यंत हलायचं नाही."

मिनिट ४

घाम. तिने टिपला.

मिनिट ७

"संध्याकाळी फलक काढायचा. लक्षात आहे ना?"

त्याचे डोळे मिटलेले. तो हसला.

"ओनोरिना, अगं, राग कसला धरतेस? लोकांना आवडते तुझी आई. झऱ्यापेक्षा जास्त फोटो तिच्या फलकाचे निघतात."

"शब्द दिला होतात तुम्ही."

"काढला तर तिथे काय लावू? गिधाडं?"

मिनिट ९

ती उठली.

हातात पंचा होता. ओला. जड. त्याचं नाक-तोंड तिच्यापासून हातभर अंतरावर, आणि त्याचे हात आत बांधलेले.

हे तिने मला जसं सांगितलं तसं सांगते. तिने पंचा खाली ठेवला. नीट घडी करून. आणि ती बाहेर गेली. पाच मिनिटं, एवढंच. आत थांबली असती तर त्याच्या मुस्काटात बसली असती.

मिनिट १०

बाहेर दालन. दगडी. लांब.

काहीतरी कमी होतं...

पाणी.

त्या दालनाच्या फरशीखालून झरा वाहतो. रात्रंदिवस त्याची गुळगुळ चालते. स्नानगृह बंद होतं त्या वर्षांतही चालू होती. ती थांबली होती.

मग दालनाच्या टोकाकडून...

धप्प.

थांबणं.

धप्प.

पावलं नव्हेत. पावलं एकामागून एक पडतात. हे दोन्ही पाय एकदम पडत होते. पाय बांधलेलं कुणी उड्या मारत यावं, तसं.

समोर कुणी दिसत नव्हतं. ओनोरिनाच्या गालाला गरम, ओली हवा लागली. ओल्या तागाचा वास. ते तिला ओलांडून गेलं.

सहा नंबरचं दार आतून लोटलं गेलं.

मिनिट ११

दार उघडेना.

त्या दाराला कडी नाही. आगीच्या नियमासाठी लेआंद्रोनेच सगळ्या काढून टाकल्या होत्या. ते धक्का दिला की उघडतं. उघडेना.

मिनिट १२ ते १९

(या वेळाबद्दल ती बोलत नाही. ती वर धावली होती आणि वर कुणी दार उघडलं नाही, एवढं मला ठाऊक आहे.)

मिनिट २०

आत स्टुलाचा पाय फरशीवर घासला.

पेला किणकिणला.

मग एका बाईचा आवाज. तोंडावर कापड असावं तसा.

"माझं नाव?"

आणि लेआंद्रोचा. अगदी लहान झालेला. "मला नाही माहीत."

पुन्हा तोच आवाज.

"माझं नाव?"

मिनिट २४

ओनोरिना दारावर मुठी आपटत होती. तिला त्याची दया येत नव्हती, हे ती आजही कबूल करते. तिच्या डोक्यात वेगळंच होतं. हा आत मेला तर दहावा फलक लागेल. आई विसराळू, मुलगीही विसराळू. आणि तेव्हा भांडायला तोंड उरणार नाही. कारण आईला हाताला धरून नेलं होतं.

ओनोरिना स्वतःच्या पायांनी बाहेर आली होती.

मिनिट २७

तिला वाटलं, आतल्या बाईला काय हवंय ते आपल्याला कळलं.

ती दाराला तोंड लावून ओरडली, "लेआंद्रो, खरं काय ते सांग तिला. माझ्या आईला स्टुलावरून कुणी उठवलं, ते सांग."

आत रडण्याचा आवाज. मग तो बोलला.

"आजोबांनी उठवलं. आम्हाला ठाऊक होतं. सगळ्यांना. नाताळात जेवताना ते सांगायचे. आम्ही हसायचो."

छप्पन्न वर्षं.

छप्पन्न वर्षं ज्याच्यासाठी ओनोरिना भांडली ते एका दारापलीकडून ऐकू आलं. त्यांना ठाऊक होतं. टेबलावर बसून, भाजलेलं कोकरू खात, ते लोक तिच्या आईवर हसले होते. आणि मग तिचा फलक केला. ठाऊक असून.

तिला वाटलं, आता दार उघडेल.

आतल्या बाईला त्याचं काहीच नव्हतं.

"माझं नाव?"

मिनिट ३१

धप्प. दाराच्या दिशेने.

धप्प.

दाराच्या फळीपलीकडे ते थांबलं. बोटभर लाकूड मध्ये. लाकूड गरम झालं.

"माझं नाव?"

आता प्रश्न ओनोरिनाला होता.

तिने तोंड उघडलं... आणि तिला काही आठवेना. आठवणार कसं? तिला ते कधी माहीतच नव्हतं. घरी आई म्हणायची, ती सोरियाकडची बाई. फलकावर, एक आजारी बाई.

ओनोरिनाच्या तोंडून शेवटी एवढंच निघालं, "माफ करा, बाई."

पलीकडे श्वास नव्हता. काहीच नव्हतं. पण ते तिथून हललं नाही.

मिनिट ४०

फरशीखाली पाणी वाहू लागलं.

दार उघडं होतं.

लेआंद्रो पलंगावर होता. जिवंत. कोरडा ठणठणीत, अंगावर घामाचा थेंब नाही. गुंडाळणी बदललेली. उजवी बाजू डावीवर, आणि इतकी घट्ट की बोट आत जाईना. सगळ्यांत वर एक जाडीभरडी चादर होती, काठावर लाल दोऱ्याने आकडा भरलेला. हॉटेलात तसल्या चादरी नाहीत, जुन्या स्नानगृहात असायच्या.

ओनोरिनाने पायाकडून उघडायला घेतलं. तो नको नको म्हणू लागला. "ती म्हणालीय, तीच येईल उघडायला."

"पाणी कुणी पाजलं तुला?"

त्याने पेल्याकडे पाहिलं. मातीचा पेला. काठावर दातांच्या खुणा.

"दातांत धरून आणला तिने. तिला हात नव्हते." मग म्हणाला, "म्हणजे होते. आत होते. तिला कुणी उघडलंच नाही, ओनोरिना. तशीच पुरली."

फलक त्याच संध्याकाळी खाली आला. त्याने स्वतः काढला. सप्टेंबरात नवा लागला. त्यात डॉन फेर्मिनचं नाव आहे, त्यांनी काय केलं ते आहे, आणि लेओकादियाचा काही दोष नव्हता असं स्वच्छ लिहिलंय. लेआंद्रो सारागोसाला राहायला गेला. त्याची बायको सांगते, तो हिवाळ्यातही अंगावर पांघरूण घेत नाही.

ओनोरिना नवा फलक वाचून आली. मला वाटलं, आज रडेल, नाहीतर वाइन उघडेल. तिने हातातली थाळी भिंतीवर फोडली.

"काय लिहिलंय त्यात वाचलंस? एक आजारी बाई. पुन्हा तेच." मग खाली बसून तुकडे गोळा करू लागली. "लेआंद्रोला कशाला शिव्या घालू? मी आईच्या नावासाठी जन्मभर भांडले. जी मेली ती कोण होती, हे मी एकदाही विचारलं नाही. मी, जिने एकतीस वर्षं त्याच खोलीत माणसं गुंडाळली."

ती चर्चमध्ये गेली. मृतांच्या वहीत ऑगस्ट १९६३ खाली एक ओळ आहे. *स्नानासाठी आलेली स्त्री, सोरियाकडची.* स्नानगृहाच्या नोंदवहीतलं त्या आठवड्याचं पान कापलेलं. सोरियाच्या बाजूच्या गावांना तिने पत्रं लिहिली. बहुतेक गावांत आता माणसंच नाहीत. म्हाताऱ्या बायकांना विचारलं. लेओकादियाचं सगळ्यांना आठवतं. कोणत्या झग्यात ती रडत घरी गेली तेसुद्धा. त्या बाईचं कुणाला काही नाही.

चार वर्षं झाली.

गेल्या उन्हाळ्यापासून ते स्नानगृहात थांबत नाही. दुपारी साडेतीनला नदीकडून चढ चढतं. गावातल्या जवळजवळ प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी त्या काळी स्नानगृहात कामाला होतं. तिला बहुतेक ते ठाऊक आहे. ती एकेका दाराशी थांबते. पडद्याआड आम्ही सगळे जागे असतो, आणि सगळे झोपल्याचं सोंग करतो.

धप्प.

काल ती आमच्या दाराशी थांबली.

ओनोरिनाने बजावलं होतं, माहीत नाही म्हण, माफी माग, गप्प राहा. मला ते जमलं नाही. लाकूड तापू लागलं, तागाचा वास घरात आला, आणि प्रश्न आला. पुन्हा आला. मी घाबरले. ती जावी एवढंच मला हवं होतं. जे पहिलं तोंडात आलं ते मी बोलून गेले. एक नाव.



मग तिने ते नाव हळूच म्हणून पाहिलं. पुन्हा एकदा. नवीन कपडा अंगाला बसतो का पाहावा, तसं. आणि उतारावरून निघून गेली. नाव म्हणत.

आज ती कुणाच्याच दाराशी आली नाही.

ते नाव मी इथे लिहीत नाही. ते माझ्या मुलीचं आहे. परवा ती सुट्टीला घरी यायची आहे. मी सकाळपासून तीनदा फोन करून येऊ नकोस म्हणून सांगितलं, आणि ती सारखी विचारते आहे, आई, का?