डाव्या हातची पानं

वैशाखात एलिचपुराकडचं ऊन म्हणजे काय, ते तिथे उन्हाळा काढल्याशिवाय कळायचं नाही. विहिरीच्या काठावरचे दगड सूर्य मावळल्यावरही पायाला चटके देतात. अशा दिवसांत माळ्याच्या घरी पाण्याचा पहिला मान तुळशीचा. तिच्यावर तीन काठ्यांच्या तिकाटण्याला एक मडकं टांगायचं, त्याच्या बुडाला बारीक भोक पाडून कापडाची वात घालायची, म्हणजे दिवसभर थेंब थेंब पाणी तिच्या मुळाशी पडत राहतं. याला गळती म्हणतात. सहदेव माळ्याची बायको शकुन रोज उठल्या उठल्या आधी ही गळती भरायची, मग चुलीकडे वळायची.

तुळस मात्र शकुनची नव्हती. ती लावली होती सहदेवच्या पहिल्या बायकोने, जयवंताने. मानमोडीच्या तापाच्या साथीत गल्लीतून रोज तिरड्या निघत होत्या, त्यातच जयवंता बघता बघता गेली. मागे राहिली मैना, नुकती कुठे पावलं टाकायला लागलेली. वर्षाच्या आत सहदेवने शकुनशी दुसरं लग्न केलं.

दुसरेपणावर आलेल्या बाईने पहिलीच्या नावाची चांदीची पुतळी गळ्यात घालायची, नवं लुगडं आधी तिला लावायचं, पहिला घास तिला दाखवायचा, अशी रीत. शकुनने सगळं केलं. तिला त्या पुतळीचा राग नव्हता, राग होता तो मेलीच्या कौतुकाचा. जयवंताच्या तुळशीच्या काढ्याने गल्लीभरचे खोकले जायचे म्हणे. जयवंताचा हात असा, जयवंताचा हात तसा! "मेल्या म्हशीले मणभर दूध," शकुन भाकरी थापताना पुटपुटायची.

तिच्या सासूला, मनकर्णाबाईला, जयवंताची एकच गोष्ट खटकायची. ती डावखुरी होती. "देवाचं झाड हाये, डाव्या हातानं खुडू नोको, म्हणून म्या रोज बोंबलत होती. पण आयकन तं जयवंता कायची!" असं म्हणताना म्हातारीचे डोळे भरून यायचे.

हेही शकुनने सोसलं असतं. सोसवत नव्हती ती मैना. पोरगी चार वर्षांची झाली, पण तिला एकदाही माय म्हणाली नाही. आजीचं ऐकून सरळ 'शकुन' म्हणायची. न्हाऊ घाल, वेणी घाल, मांडीवर घे, पोर मुकाट्याने सारं करून घ्यायची आणि संपलं की उठून जायची. शकुनची कूस अजून रिकामी होती. त्या एका शब्दासाठी तिचा जीव तुटायचा, हे तिने नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही.

चैत्र सरता सरता मैनाला खोकला लागला. सरकारी दवाखान्यातून लाल औषधाची बाटली आणली, ती संपली, दुसरी आणली. शकुन तुळस, आलं, मिरे, गूळ घालून काढा करी. मैना घोट घेई आणि थुंकून टाकी.

"तुह्या हातचं कडू लागते, शकुन."

"गूळ टाकला नं व त्यात."

"तरी कडू लागते."

एका सकाळी शकुन घागर घेऊन तुळशीपाशी गेली, तर गळतीचं मडकं काठोकाठ भरलेलं. सासूने भरलं असेल, असं म्हणून ती चुलीकडे वळली. दुसऱ्या दिवशीही तेच. त्यानंतर तर पाट्यावर तुळशीची पानं धुऊन ठेवलेली दिसू लागली, देठाचं पाणीसुद्धा न वाळलेली.

"आत्याबाई, तुमी कायले वाकता? म्या हाये नं."

"म्या कायची वाकतो व? माह्या कमरेत काय जीव राह्यला?" मनकर्णाबाई म्हणाली.

सहदेव तर तांबडं फुटायच्या आत मोटेवर गेलेला असायचा. त्याने ही कामं केल्याचं कोणी ऐकलं नव्हतं.

मग एके दिवशी शकुनला जाग आली ती वासाने. तुळशीचा हिरवा, तिखट वास अगदी नाकाशी येत होता. तिने हात नाकाजवळ नेला. वास तिच्याच बोटांना होता, डाव्या हाताच्या. नखात ओली माती होती.

ती काही भित्री बाई नव्हती. तिचा एक काका झोपेत उठून बैलांना चारा टाकून यायचा आणि सकाळी त्याला काही आठवत नसायचं. तसंच आपलं झालं असणार, अंगावर काम फार पडलं की होतं माणसाला. तिने मनाला समजावलं आणि कोणाला काही बोलली नाही. पण त्याच आठवड्यात सासूने तिला चुलीपाशी गाठलं.

"शकुन, आज डाव्या हातानं काहून खुडून राह्यली होती व?"

"कवा?"

"आत्ताच, पहाटं. म्या ओसरीतून पाह्यलं. हाका मारल्या तं वळून पाह्यलं नाही तूनं."

"आत्याबाई, म्या तं आत्ता उठली."

म्हातारीने तिच्याकडे टक लावून पाहिलं. मग खाली मान घालून तांदूळ निवडू लागली. त्या दिवसापासून तिने जयवंताचं नाव काढणं सोडलं. शकुन कामात असली की ती फक्त तिच्या हातांकडे बघत बसायची.

त्या संध्याकाळी निजताना शकुनने लुगड्याचा पदर बाजेच्या खुराला बांधला. झोपेत उठली तर गाठ सुटेल, कळेल तरी. सकाळी गाठ जागेवर होती. बोटांना वास होता, पाट्यावर पानं होती. तिने गाठ निरखून पाहिली. गाठ पक्की होती, पण पेच उलटा फिरलेला होता. तशी गाठ शकुनला मारताच येत नव्हती.

द्वादशीला भर दुपारी मैनाची छाती भरून आली. पोर श्वास घ्यायची ती घरघर अंगणापर्यंत ऐकू यायची. ओठ निळे पडले. सहदेव छकडा जुंपून डॉक्टरला आणायला धावला. शकुनने होता तो काढा पाजायचा प्रयत्न केला, पण पोरीने दात घट्ट मिटून घेतले.

"ताजी पानं आणते," शकुन उठली.

"आज द्वादशी हाये व! आज तुळशीले हात लावत नाही."

"लेकरू चाललं, आत्याबाई!"

अंगणात ऊन पांढरं पडलं होतं. पान हलत नव्हतं. मडक्यातून थेंब पडत होता तेवढाच आवाज. शकुनने गळ्यातली पुतळी मुठीत धरली, तर तो चांदीचा तुकडा त्या उन्हात गार लागला. इतकी वर्षं जे पोटात ठेवलं होतं ते तिच्या तोंडून भडाभडा बाहेर पडलं.

"बाई, म्या तुहा राग केला. लई केला. तुह्या लेकराले माह्या हातचं कडू लागते. तं मंग तुह्या हातानं दे. थे मले माय नाही म्हनली तं नाही म्हनली. पण जगली पाह्यजे."

तिचा डावा हात उचलला गेला.

तिने उचलला नव्हता. तिने अडवलाही नाही.

बोटांनी पानं खुडली, शेंडा न दुखवता, झरझर, वर्षानुवर्षांच्या सवयीने. पाट्याशी बसून डाव्या हाताने वरवंटा फिरवला. आलं घेतलं नाही, मिरे घेतले नाहीत. नुसता रस काढून मधात कालवला. वाटीही घेतली नाही.

बोटावर रस घेऊन ते बोट मैनाच्या ओठाला लावलं.

मैनाने तोंड उघडलं आणि बोट चोखू लागली.

दारात मनकर्णाबाई उभी होती. तिने चौकट धरली. "थे असंच देत होती," ती हळूच म्हणाली. "बोटानं."

शकुन हे कधी कोणाकडून शिकली नव्हती.

डॉक्टर आले तोवर घरघर उतरली होती. त्यांनी छाती तपासली, धोका टळला म्हणाले, औषध देऊन गेले. सहदेव तुळशीपुढे डोकं टेकून हमसून हमसून रडला. शकुन पोरीला मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसून राहिली. तिचे हात तिच्या सांगण्यात होते, वाटेल तसे हलत होते. सगळं नीट होतं.

सकाळी मैनाने डोळे उघडले. अंग गार होतं, नजर स्वच्छ होती. बराच वेळ ती शकुनच्या तोंडाकडे बघत राहिली. मग हात वर करून तिने शकुनचा गाल चाचपला.

"माय," ती म्हणाली.

शकुनने तो हात गालावरच धरून ठेवला. एवढ्यासाठीच तर सारा आटापिटा होता.

"माय, तू कुठी गेलती व इतले दिवस?"

मी कुठे गेले होते गं पोरी, मी तर तुझी शकुन, असं सांगायला शकुनने तोंड उघडलं.

"कुठीच नाही व राणी," तिच्या तोंडून आलं. "अथीच तं होती. तूच मले पाहत नव्हती."

चुलीपाशी बसलेली मनकर्णाबाई वळली नाही. हातातलं लाकूड तिने जाळात सारलं आणि पदराने डोळे पुसले.

"आता नोको जाऊ," ती म्हणाली.

ती कोणाशी बोलली, हे शकुनने विचारलं नाही.